मसाज आणि स्नायूंचं दुखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मसाज आणि स्नायूंवर हातानं केल्या जाणाऱ्या इतर उपचारांबद्दल लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. आजच मसाजला जाणार असाल तर आधी प्रश्न १३ वाचा, बाकीचं नंतर.

१. मसाजनं शरीरात नेमकं होतं काय?

आपल्या त्वचेत आणि स्नायूंत स्पर्श, दाब आणि ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं ठासून भरलेली असतात. हाताचा दाब पडला की ती जागी होतात, आणि त्यांचे संदेश दुखण्याच्या संदेशांना मज्जारज्जूतच काही प्रमाणात अडवतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांताचा गाभा हाच आहे. कोपर आपटलं की आपण नकळत ते चोळतो, त्यामागचं कारणही हेच. शिवाय मसाज चालू असताना श्वास संथ होतो आणि ताठ धरून ठेवलेला स्नायू हळूहळू सैल सुटतो.

म्हणजे मसाजचा मोठा परिणाम मज्जासंस्थेवर होतो. हातानं स्नायू ‘लांबवले’ किंवा चिकटलेलं ‘सोडवलं’ असं बरेच थेरपिस्ट सांगतात, पण शरीराची घडण तितकी लेचीपेची नाही. स्नायूंवर फॅशिया नावाचं चिवट आवरण असतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचं आणि तळपायाचं हे आवरण नुसतं एक टक्का दाबायलाही माणसाच्या हाताला झेपणार नाही इतका जोर लागेल, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात दिसलं. मसाजनंतर मान जास्त वळते हे खरंच आहे. ती वळते कारण मेंदूनं तेवढी हालचाल करायला मोकळीक दिलेली असते.

२. व्यायाम केला त्या दिवशी ठीक असतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र अंग जास्त ठणकतं. असं का?

सवयीपेक्षा जास्त किंवा वेगळा व्यायाम झाला की स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि तिच्या दुरुस्तीसाठी शरीर तिथे दाह निर्माण करतं. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं आणि साधारण आठवड्याभरात ओसरतं. स्नायू लांब होत असताना त्यावर भार येतो ते व्यायाम यात सगळ्यात पुढे असतात: उतारावर पळणं, जिना उतरणं, वजन सावकाश खाली आणणं. थिओडोर हॉ यांनी १९०२ सालीच असं दुखणं थकव्यापेक्षा वेगळं असल्याचं नोंदवलं होतं.

हे दुखणं दोन्ही बाजूंना, पसरलेलं आणि स्नायू वापरताना जाणवणारं असतं. व्यायाम करताना मध्येच एका जागी कळ आली असेल तर ती इजा समजा आणि प्रश्न १४ पाहा. दुखण्यासोबत लघवी गडद तपकिरी झाली असेल तर थेट प्रश्न १३ कडे जा.

३. मसाजनं लॅक्टिक अ‍ॅसिड आणि शरीरातली विषद्रव्यं निघून जातात ना?

नाही. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिडचं शरीरातलं रूप) तासा-दीड तासात शरीर स्वतःच वापरून टाकतं. स्नायू, हृदय आणि यकृत यांच्यासाठी ते इंधनच आहे. दुखणं सुरू होईपर्यंत ते कधीच संपलेलं असतं. उलट, हाताच्या स्नायूंवर केलेल्या २०१० सालच्या एका प्रयोगात व्यायामानंतर लगेच केलेल्या मसाजमुळे लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर पडणं मंदावलं, कारण दाबामुळे रक्तप्रवाहच अडत होता.

‘विषद्रव्यं’ कोणती, हे सांगणारा मला तरी आजवर भेटलेला नाही. शरीरातला कचरा बाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात. मसाजनंतर तहान लागली तर पाणी जरूर प्या. ‘विष धुऊन काढायला’ बळेच तीन-चार लिटर पिण्याची गरज नाही.

४. मग मसाजनं रिकव्हरी लवकर होते की नाही?

इथे दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात: दुखणं कमी वाटणं आणि ताकद परत येणं.

दुखण्याच्या बाबतीत मसाज उपयोगी आहे. २०२० साली २९ अभ्यास आणि हजाराहून थोडे जास्त लोक एकत्र धरून एक आढावा घेतला गेला. त्यात मसाजमुळे व्यायामानंतरचं दुखणं थोडं कमी झालेलं आणि लवचिकता थोडी वाढलेली दिसली. ताकद, उडी, वेग किंवा दम यांत मात्र सुधारणा आढळली नाही. म्हणजे उद्याच्या स्पर्धेत तुम्हाला बरं वाटेल, पण पाय त्यामुळे जास्त वेगानं धावतील असं नाही.

स्नायूच्या आत काही घडतं का? २०१२ साली ११ तरुणांना दमेपर्यंत व्यायाम करायला लावून त्यांच्या एकाच पायाला १० मिनिटं मसाज दिला गेला आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले गेले. मसाज केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी होते. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. अभ्यास लहान आहे, म्हणून मी त्यावर फार मोठा दावा उभारणार नाही, पण ‘मसाज म्हणजे निव्वळ मनाचं समाधान’ म्हणणाऱ्यांनी तो वाचावा.

झोप, पुरेसं खाणं आणि दोन कठीण व्यायामांमधलं अंतर ही रिकव्हरीची मुख्य साधनं आहेत. मसाज त्यांच्या जोडीला येतो, त्यांच्या जागी बसत नाही. पाच तास झोपून आठवड्याला दोन मसाज घेणाऱ्या खेळाडूला मी आधी झोपायला सांगते.

५. स्वीडिश, डीप टिश्यू, स्पोर्ट्स, मायोफेशियल, ट्रिगर पॉइंट... यातलं मी काय निवडू?

नावांत फार अडकू नका. लांब हात फिरवणं, मळणं, घासणं, थोपटणं आणि एका जागी दाब धरणं, एवढ्याच मूळ क्रिया आहेत. त्यांची मांडणी आणि जोर बदलला की नाव बदलतं. ‘स्वीडिश’ मसाजचं श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं, पण या क्रियांना आज प्रचलित असलेल्या नावांत बसवण्याचं काम नेदरलँड्सच्या योहान गेओर्ग मेझगर यांचं मानलं जातं.

पहिल्यांदाच घेत असाल, ताणानं थकला असाल किंवा सगळं अंग दुखत असेल तर हलका ते मध्यम स्वीडिश पद्धतीचा मसाज घ्या. एकाच भागात जुनं दुखणं असेल तर त्या भागावर जास्त वेळ देणारा, हालचाल तपासून मग हात लावणारा थेरपिस्ट शोधा. तो आपल्या पद्धतीला काय नाव देतो ते गौण आहे. एका पद्धतीनं दुसरीला स्पष्टपणे मागे टाकल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही.

६. जितकं जोरात रगडलं तितका गुण जास्त, हे खरं का?

हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. माणूस टेबलावर पालथा झोपतो आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणतो, “अजून जोरात.” अशा वेळी मी त्याच्या बोलण्यापेक्षा शरीराकडे जास्त लक्ष देते. कोपर पाठीवर सावकाश टेकवताना त्याच्या पायाची बोटं आत वळली, मुठी आवळल्या गेल्या किंवा श्वास घशात अडकला, तर दाब जास्त झाला. त्या क्षणी स्नायू माझ्या हाताखाली सैल न होता उलटा ताठ होतो. मग मी कितीही जोर लावला तरी तो माझ्याशी झगडतच राहतो. दाब थोडा कमी करून तिथेच थांबलं की दोन-तीन लांब श्वासांत तोच स्नायू मऊ पडतो आणि कोपर आपोआप खोल जातं.

माप सोपं आहे. शून्य म्हणजे काहीच नाही आणि १० म्हणजे असह्य. पाच-सहाच्या आसपास ‘दुखतंय, पण हवंहवंसं’ वाटतं, तिथेच राहा. सातच्या वर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी निळे डाग उठले तर ते चांगल्या मसाजचं लक्षण नव्हे, जादा जोराचं आहे (प्रश्न १९ पाहा). अतिजोरात रगडल्यामुळे स्नायूपेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण आल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

७. खांद्याजवळ हाताला लागते ती गाठ नक्की काय असते? ती फुटते का?

जेनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी १९८३ साली आपल्या ग्रंथात ‘ट्रिगर पॉइंट’ची सविस्तर मांडणी केली: स्नायूच्या ताणलेल्या पट्ट्यातली दाबल्यावर दुखणारी जागा, जिची कळ दुसरीकडेही जाते. खांद्यावरची जागा दाबली की कानामागे किंवा कपाळाकडे दुखतं, हा अनुभव अनेकांना आहे. ट्रॅव्हेल या अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या डॉक्टर होत्या.

ही जागा म्हणजे नक्की काय, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. दोन अनुभवी थेरपिस्ट एकाच पाठीवर गाठी शोधू लागले तर त्यांचं बरेचदा एकमत होत नाही. दुखरी जागा असते, ती दाबली की बरं वाटतं, इथवर शंका नाही. पण तिथे खडा नसतो, म्हणून काही ‘फुटत’ नाही. बोटाखाली जे ‘कट्’ असं सरकतं, तो बहुतेक वेळा स्नायूचा पट्टा किंवा स्नायुबंध असतो. तो पुनःपुन्हा सरकवत बसल्यानं फक्त जागा हुळहुळी होते.

मात्र त्वचेखाली न दुखणारी, वाढत जाणारी किंवा टणक गाठ लागली तर तिच्यावर मसाज नको. ती डॉक्टरांना दाखवा.

८. किती वेळाचा आणि किती दिवसांनी मसाज घ्यावा?

व्यायामानंतरच्या दुखण्याला १० ते ३० मिनिटं, फक्त त्या त्या भागावर, पुरतात. जुन्या मानदुखीबाबत २०१४ सालचा एक चांगला अभ्यास आहे. २२८ लोकांत आठवड्यातून दोन-तीनदा ६० मिनिटांचा मसाज चार आठवडे घेणाऱ्यांना स्पष्ट फायदा झाला. अर्ध्या तासाचा मसाज घेणारे मात्र काहीच न घेणाऱ्यांपेक्षा फारसे पुढे गेले नाहीत. म्हणून जुन्या दुखण्याला महिन्यातून एकदा हात लावून फारसं हाती लागत नाही. सुरुवातीला सलग, मग हळूहळू विरळ, असा क्रम ठेवा. चार-सहा वेळा घेऊनही फरक नसेल तर प्रश्न २२ वाचा.

९. स्पर्धेच्या आधी घ्यावा की नंतर?

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी खोल मसाज नको. अंग सुस्तावतं, आणि दुखरेपणा राहिला तर तो सोबत घेऊन धावावं लागतं. तसा मसाज घ्यायचाच असेल तर दोन-तीन दिवस आधी घ्या. शर्यतीआधी पाच-दहा मिनिटं हलका, झपझप हात चालेल, पण वॉर्म-अप त्यानं टळत नाही. नंतर घ्यायचा तर त्याच दिवशी काही तासांनी हलका, किंवा दुसऱ्या दिवशी मध्यम. मॅरेथॉनसारख्या लांब पल्ल्यानंतर लगेच पोटऱ्या जोरात रगडू नका. त्या आधीच इजा झालेल्या असतात.

१०. घरी फोम रोलर किंवा चेंडू वापरायचा तर कसा?

फोम रोलरचा (कडक फोमच्या लांबट गोल लोडाचा) परिणाम मसाजसारखाच आहे: दुखणं थोडं कमी, हालचाल थोडी जास्त, आणि तेही काही काळापुरतं. स्वस्त आणि हाताशी असल्यामुळे मी तो आनंदानं सुचवते.

पोटरीसाठी जमिनीवर बसून रोलर पोटरीखाली घ्या, हात मागे टेका आणि टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत सावकाश सरका. एका खेपेला चार-पाच सेकंद लागायला हवेत. दुखरी जागा आली की तिथे २०-३० सेकंद थांबा आणि पाऊल वर-खाली हलवत राहा. एका स्नायूला एक ते दोन मिनिटं खूप झाली. गुडघ्यामागच्या खोलगट जागेवर रोलर नेऊ नका. तिथून रक्तवाहिन्या आणि नस जाते.

खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूला हात पोचत नाही, तिथे टेनिसचा चेंडू कामी येतो. भिंतीला पाठ टेकून मणका आणि पातं यांच्यामध्ये चेंडू धरा, गुडघे थोडे वाकवा आणि शरीर वर-खाली हलवा. दाब पायांनी कमी-जास्त करता येतो. जमिनीवर झोपून चेंडूवर सगळं वजन टाकण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. चेंडू मणक्याच्या हाडावर कधीही येऊ देऊ नका.

मांडीच्या बाहेरच्या कडेवर रोलर फिरवताना लोक डोळ्यांत पाणी आणतात. त्या पट्ट्याची लांबी त्यानं बदलत नाही (कारण प्रश्न १ मध्ये आहे). त्याऐवजी नितंबाचे आणि मांडीच्या पुढचे स्नायू घ्या.

११. मसाज गन घेऊ का?

मसाज गन म्हणजे स्नायूवर भराभर ठोके देणारं हातातलं यंत्र. हौस असेल तर घ्या, गरज म्हणून नको. तिचा मुख्य गुण म्हणजे हात न दुखवता दाब मिळतो. सगळ्यात कमी वेग आणि मऊ गोल डोकं लावून सुरुवात करा, एका स्नायूला एक-दोन मिनिटं द्या आणि गन दाबू नका, नुसती टेकवा. मानेची पुढची आणि बाजूची जागा, मणका, बरगड्या, जांघ, काख आणि गुडघ्यामागचा भाग टाळा. हाडं ठिसूळ झालेल्यांनी आणि प्रश्न २१ मधल्या लोकांनी ती न वापरलेलीच बरी.

१२. तेल कोणतं वापरावं? आणि शेक गरम घ्यावा की थंड?

तेलाचं काम हात सरकवणं. स्नायूपर्यंत काही मुरत नाही, म्हणून त्वचेला सोसेल ते कुठलंही चालेल. सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असेल तर बदामासारखी तेलं टाळा. मेंथॉलच्या बामानं थंडावा आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननं ऊब जाणवते, त्यानं थोडा वेळ लक्ष दुखण्यावरून हटतं. बाम लावून त्यावर गरम पिशवी मात्र ठेवू नका, भाजू शकतं.

ताठरलेल्या, जुन्या दुखण्याला गरम शेक. ताज्या, सुजलेल्या इजेला थंड, कापडात गुंडाळून, १०-१५ मिनिटं.

१३. मसाज कधी अजिबात करू नये?

हे उत्तर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, कारण घरचेच लोक प्रेमापोटी पोटरी चोळून देतात.

एकाच पायाची पोटरी सुजली आहे, दुखते आहे, हाताला गरम लागते किंवा लालसर दिसते आहे, तर तिथे हात लावू नका. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीव धोक्यात येतो. शस्त्रक्रियेनंतर, प्लास्टरमध्ये, लांबच्या विमानप्रवासानंतर, बराच काळ अंथरुणावर असताना, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर, तसंच इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असताना ही शक्यता वाढते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तातडीच्या विभागात.

कठोर व्यायामानंतर स्नायू प्रचंड दुखतायत, सुजलेत, अंगात जोर नाही आणि लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली आहे, तर स्नायू फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडांत साचत असू शकतं. मसाजची वेळ नव्हे ही. लगेच रुग्णालय गाठा.

मानेत पूर्वी कधी न झालेली, अचानक आलेली कळ, सोबत डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणं, पापणी खाली येणं किंवा बोलणं अडखळणं असेल तर मानेतल्या धमनीला इजा झालेली असू शकते. डाव्या खांद्यात, जबड्यात किंवा हातात दुखतंय आणि घाम फुटलाय, तर ते हृदयाचं असू शकतं. दोन्ही वेळा तातडीची मदत बोलवा.

ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, ताजं हाड मोडणं आणि भाजलेली त्वचा यांवर मसाज नाही.

१४. पाय मुरगळला, मुका मार लागला किंवा स्नायू फाटला. चोळायचं केव्हा?

पहिले दोन-तीन दिवस त्या जागेवर नाही. आत रक्तस्राव चालू असतो आणि चोळल्यानं तो वाढतो. मांडीला जोराचा मार बसला असेल तर विशेष जपा. तो लवकर आणि जोरात रगडला गेला तर स्नायूत हाड तयार होऊ लागण्याचा धोका असतो, आणि मग महिनेच्या महिने जातात. सूज उतरू लागली की आधी आजूबाजूला हलका हात, मग हळूहळू जागेवर.

पायावर वजनच टाकता येत नाही, स्नायूत खळगा पडलेला दिसतो किंवा टाचेवर कुणी मागून मारल्यासारखा आवाज आला होता, तर आधी तपासणी.

१५. कंबरदुखी आणि सायटिकाला मसाज चालतो का?

साध्या, जुन्या कंबरदुखीला चालतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली जुन्या कंबरदुखीवर दिलेल्या मार्गदर्शनात इतर उपायांबरोबर मसाजही सुचवला आहे, पण पुरावा कच्चा असल्याचं सांगून. फायदा बहुधा थोड्या दिवसांचा असतो.

सायटिकात (कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेत) मूळ त्रास बहुतेकदा कंबरेतल्या नसेच्या मुळाशी असतो. नितंबाचे स्नायू सैल केल्यानं आराम मिळतो, पण नसेवरचा दाब त्यानं निघत नाही. पायात मुंग्या वाढवणारा दाब लगेच थांबवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच तासाला रुग्णालयात जा.

१६. रात्री पोटरीत गोळा येतो. चोळू का?

आधी ताणा. गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटं स्वतःकडे ओढा किंवा उठून टाच जमिनीवर दाबून उभे राहा. गोळा सुटला की मग हलक्या हातानं चोळा. झोपण्याआधी पोटऱ्या ताणायची सवय काहींना उपयोगी पडते. वारंवार येत असेल तर चालू असलेली औषधं डॉक्टरांना दाखवा. रोज चोळूनही ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की राहते, असं असेल तर ती रक्तपुरवठ्याची तक्रार असू शकते.

१७. कपिंगनं पाठीवर उठणारे गोल डाग म्हणजे वाईट रक्त का?

नाही. कपिंगमध्ये त्वचेवर कप लावून ती आत ओढून धरतात. त्या शोषणामुळे त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्याचे ते डाग. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर ते साऱ्या जगानं पाहिले. काहींना थोड्या काळापुरता आराम मिळतो, पण डाग जितका काळा तितका गुण जास्त, याला आधार नाही. जाळ वापरून केलेल्या कपिंगमध्ये भाजण्याचा धोका असतो.

१८. ड्राय नीडलिंग सुरक्षित आहे का?

प्रशिक्षित हातात बहुतांशी हो. बारीक सुई दुखऱ्या जागेत घालतात. काही काळ आराम मिळतो, आणि एक-दोन दिवस जागा दुखते. गंभीर धोका मान-खांद्याच्या आणि वरच्या पाठीच्या भागात आहे, कारण त्याखाली फुफ्फुस असतं. सुईनंतर छातीत दुखलं किंवा धाप लागली, मग ते काही तासांनी का असेना, तातडीच्या विभागात जा आणि सुई टोचली होती हे आवर्जून सांगा.

१९. मसाजनंतर दुसऱ्या दिवशी जास्त दुखायला लागलं. बिघडलं का काही?

एक-दोन दिवस हुळहुळेपणा चालतो. तीन दिवसांपुढे गेला, डाग उठले किंवा कळ नव्या ठिकाणी गेली, तर जोर जास्त झाला होता. पुढच्या वेळी तसं स्पष्ट सांगा. मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा नवा आला असेल तर दाखवून घ्या.

२०. गरोदरपणात चालतो का?

डॉक्टरांची हरकत नसेल तर चालतो, आणि कंबरेला खूप बरं वाटतं. २० आठवड्यांनंतर पाठीवर सपाट झोपवून नको. कुशीवर झोपवून, उशा लावून घ्यावा. पोटावर दाब नको, आणि गुठळीच्या धोक्यामुळे पायांवर खोल दाब नको. रक्तदाब वाढलेला असेल, रक्तस्राव असेल किंवा अचानक सूज आली असेल तर आधी डॉक्टर.

२१. रक्त पातळ करायच्या गोळ्या, मधुमेह, कॅन्सर... यात काय काळजी घ्यावी?

वॉरफरिन, अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान अशी औषधं चालू असतील तर फक्त हलका हात. खोल दाब, कपिंग आणि गन नको. आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही.

मधुमेहात पावलांची संवेदना कमी झाली असेल तर ‘दुखतंय का’ या प्रश्नाचं उत्तरच भरवशाचं राहत नाही, म्हणून थेरपिस्टनं डोळ्यांनी त्वचा बघत काम करावं. इन्सुलिन नुकतंच घेतलेल्या जागी चोळू नका. ते लवकर शोषलं जाऊन साखर उतरू शकते.

कॅन्सरमध्ये हलका मसाज चिंता आणि थकवा कमी करायला मदत करू शकतो. त्यानं कॅन्सर पसरतो, या भीतीपोटी रुग्णांना स्पर्शापासूनच तोडलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मात्र गाठीच्या जागी, किरणोपचार चालू असलेल्या त्वचेवर आणि कमकुवत झालेल्या हाडांवर दाब नको. ज्या बाजूच्या लसीका ग्रंथी काढल्या आहेत त्या हातापायाला त्याचं खास प्रशिक्षण असलेल्यानंच हात लावावा.

कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन नव्यानं सुरू केल्यावर दोन्ही मांड्या किंवा खांदे दुखू लागले तर ते औषधामुळे असू शकतं. मसाज शोधण्याआधी डॉक्टरांशी बोला, पण गोळी स्वतःहून बंद करू नका.

२२. महिनोन्महिने मसाज घेते. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. चुकतंय काय?

मसाजनं मिळालेले ते दोन दिवस रिकामे जातायत. दुखणं कमी असतं तेव्हाच हालचाल करायची असते, आणि बहुतेक लोक तेव्हा निवांत पडून राहतात. मान मोकळी झाली की त्याच दिवशी ती सगळ्या दिशांना फिरवा, आणि दुसऱ्या दिवसापासून खांद्यांना हलक्या वजनानं ओढायचे व्यायाम सुरू करा. आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे. भार सोसायला शिकलेला स्नायू कमी तक्रार करतो. ते शिकवणं कुणाच्याही हाताला जमत नाही, माझ्याही नाही.

मग दिवसाचा हिशोब मांडा. सलग किती वेळ एकाच जागी बसता? व्यायाम एकदम दुप्पट केलात का? झोप किती? याची उत्तरं बदलली नाहीत तर टेबलावरचा तास वाया जातो. हे सगळं नीट करूनही दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, वजन आपोआप घटत असेल किंवा सोबत ताप येत असेल, तर डॉक्टरांकडून कारण शोधून घ्या.

२३. चांगला थेरपिस्ट कसा ओळखावा? मसाज चालू असताना अवघडल्यासारखं वाटलं तर?

चांगला थेरपिस्ट हात लावण्याआधी आजार, औषधं आणि जुन्या शस्त्रक्रिया विचारतो, कुठे हात लावणार ते सांगतो, दाब कसा वाटतो ते मधूनमधून विचारतो आणि अमुक खेपांत काय बदलायला हवं ते ठरवतो. ‘मणका सरकलाय’, ‘एक पाय लांब झालाय’ असं सांगून वर्षभराच्या खेपांचे पैसे आधीच मागणाऱ्यापासून दूर राहा. मणका मसाजनं जागेवर बसवावा असा सरकत नाही, आणि पायांच्या लांबीत थोडा फरक बहुतेक सगळ्यांच्यात असतो.

कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवायचं. ज्या भागावर काम चालू नाही तो झाकलेला असायला हवा. सोबत कुणाला बसवायचं असेल तर तसं सांगा. नको असलेल्या जागी हात गेला तर “थांबा” एवढंच पुरे, कारण द्यावं लागत नाही. थेरपिस्ट थांबला नाही तर उठा, कपडे घाला, बाहेर पडा आणि त्याच्या वरिष्ठांकडे, गरज वाटल्यास पोलिसांकडे तक्रार करा.